पॅकेजचा आकडा आणि पगाराचा आकडा

वाचकाचे पत्र : मी चोवीस वर्षांचा असून कागल तालुक्यात आई-वडिलांसोबत राहतो. कोल्हापूरच्या शासकीय आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियन ट्रेड पूर्ण केल्यावर गेली तीन वर्षे गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात कंट्रोल पॅनेल आणि मोटर स्टार्टर यांची जोडणी व वायरिंग करतो. पे-स्लिपवर एकूण पगार १७,००० रुपये आहे आणि त्यात बेसिक-डीए (मूळ वेतन आणि महागाई भत्ता) १४,५०० आहे. महिन्याला तीसेक तास ओव्हरटाइम होतो, तो साध्या दराने मिळतो. दिवाळीला साधारण एक बेसिक बोनस असतो. आता चाकणच्या एका कारखान्यातून अशाच कामासाठी वार्षिक ३,१९,२०० रुपयांच्या पॅकेजचे पत्र आले आहे. म्हणजे महिन्याला २६,६०० रुपये. तिथे राहणारा मित्र म्हणतो की खोली आणि मेस मिळून ६,५०० रुपये लागतील. इंटरनेटवर अमेरिकेतील एका महानगर क्षेत्रातील याच कामाचा वार्षिक पगार पाहिला, तो रुपयांत तीस लाखांच्या वर जातो. माझ्या कामाचा खरा भाव किती, आणि मी चाकणला जावे का? ऑफर लेटरची प्रत सोबत पाठवत आहे. – एक वाचक, कागल

प्रिय वाचक,

स. न. वि. वि. तुम्ही ऑफर लेटरची प्रत पाठवली हे फार बरे केले, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्म्याहून अधिक उत्तर त्या पत्राच्या दुसऱ्या पानावरच्या तक्त्यात आहे. तुमच्या पत्रात १७,००० आणि २६,६०० असे दोन आकडे शेजारी शेजारी आले आहेत आणि तुम्ही त्यांची वजाबाकी करून ९,६०० रुपयांची वाढ धरली आहे. हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. पहिला पगाराचा आहे आणि दुसरा कारखान्याला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा, ज्याला हल्ली सगळे सीटीसी म्हणतात. तुमच्या घरी ऊस असेलच, तर उसाचा जाहीर झालेला दर आणि तोडणी-वाहतूक वजा होऊन खात्यावर जमा होणारी रक्कम यांतील अंतर वडिलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. इथेही तसेच आहे, फक्त वजावटी तुम्हाला पगार झाल्यावरच दिसणार आहेत.

तक्ता असा आहे. बेसिक-डीए १५,०००, घरभाडे भत्ता २,५००, इतर भत्ता १,००० आणि हजेरी भत्ता १,५००, अशी एकूण पगाराची बेरीज २०,००० होते. त्यापुढे मालकाच्या हिश्शाचा भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) प्रशासकीय खर्च आणि विम्यासह १३ टक्के दराने १,९५०, मालकाच्या हिश्शाचे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) ३.२५ टक्क्यांनी ६५०, बोनस १,२५०, ग्रॅच्युइटी ७२२ आणि उपाहारगृह व बस यांचे २,०२८ रुपये धरून २६,६०० पूर्ण केले आहेत. आता वीस हजारांतून तुमच्या हिश्शाचा पीएफ १,८००, ईएसआयचे ०.७५ टक्क्याने १५० आणि व्यवसाय कर २०० वजा केला की हातात १७,८५० रुपये येतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असल्यामुळे त्या महिन्यात शंभर रुपये आणखी कमी होतात.

हाच हिशेब तुमच्या सध्याच्या नोकरीला लावून पाहू. सतरा हजारांतून पीएफ १,७४०, ईएसआय १२८ आणि व्यवसाय कर २०० गेल्यावर हातात १४,९३२ येतात. मालकाचा पीएफ, ईएसआय, दिवाळीचा बोनस आणि ग्रॅच्युइटी यांची भर घातली तर गोकुळ शिरगावच्या नोकरीचे ‘पॅकेज’ महिन्याला २१,३४३ रुपयांचे, म्हणजे वर्षाला अडीच लाखांच्या वर निघते. तुमच्या मालकाने ते कधी असे कागदावर मांडून दाखवले नाही, एवढाच काय तो फरक. तेव्हा खरी तुलना १७,००० आणि २६,६०० यांची नसून १७,००० आणि २०,००० यांची, किंवा हातात येणाऱ्या १४,९३२ आणि १७,८५० यांची आहे. वाढ २,९१८ रुपयांची आहे आणि तिच्यातले दीड हजार हजेरी भत्त्याचे आहेत. पत्रातील अट अशी आहे की महिन्यात एकही रजा झाली तर तो भत्ता पूर्ण जातो, म्हणजे गावची जत्रा किंवा वडिलांचे दवाखान्याचे काम निघालेल्या महिन्यात चाकणचा हातात येणारा पगार १६,३६१ रुपयांवर येईल.

पत्रातल्या एका ओळीकडे तुमचे लक्ष गेले नसावे. पत्राच्या माथ्यावर कारखान्याचे नाव नाही, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे आहे, आणि करार अकरा महिन्यांचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या असून त्यांनुसार ठरावीक मुदतीच्या कराराने थेट नेमलेल्या कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते, आणि कायम कामगारासाठी पाच वर्षांची जुनी अट तशीच आहे. अकरा महिन्यांच्या करारात या दोन्हींपैकी काहीच पूर्ण होत नाही. म्हणजे पॅकेजमध्ये दरमहा मोजलेले ७२२ रुपये कागदावरच राहण्याची शक्यता मोठी आहे. जे पैसे मिळण्याची वेळच येऊ नये अशी मुदत ठरवायची आणि तेच पैसे पॅकेजमध्ये मोजून दाखवायचे, ही पद्धत मला मुळीच पटत नाही आणि त्याबद्दल तुम्ही स्पष्ट विचारायला कचरू नये. शिवाय गोकुळ शिरगावला तुमची तीन वर्षे भरली आहेत. तिथे आणखी दोन वर्षे पूर्ण झाल्यास महिन्याच्या वेतनाला सव्वीसने भागून दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन धरण्याच्या सूत्राने, आजच्या बेसिक-डीएवर, सुमारे ४१,८०० रुपये ग्रॅच्युइटी होते. ती सोडून जाण्याची किंमतही हिशेबात धरावी.

आता ओव्हरटाइमकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती एका वाक्यात लिहून पुढे गेलात. ओव्हरटाइमला वेतनाच्या दुप्पट दर हा १९४८ च्या कारखाना अधिनियमापासून चालत आलेला नियम आहे आणि नव्या वेतन संहितेतही तो कायम आहे. तुम्हाला सध्या सतरा हजारांवर काढलेल्या साध्या दराने, म्हणजे तासाला सुमारे ८२ रुपयांनी, तीस तासांचे २,४५० रुपये मिळतात. घरभाडे आणि इतर भत्ते बाजूला ठेवून केवळ १४,५०० रुपयांच्या बेसिक-डीएवर दुप्पट दर काढला तरी तो तासाला १३९ रुपयांवर जातो आणि तीस तासांचे सुमारे ४,१८० रुपये होतात. महिन्याला १,७३० रुपयांचा हा फरक आहे. चाकणला जाऊन मिळणाऱ्या वाढीपैकी जवळजवळ साठ टक्के रक्कम तुम्हाला आहे त्या जागी, आहे त्या कामावर, कायद्यानेच मिळायला हवी. लहान कारखान्यांत ही प्रथा सर्रास आहे आणि मालक बहुधा माणूस म्हणून वाईट नसतो, हे मी जाणतो. तरीही नोकरी सोडण्याआधी त्यांच्यासमोर बसून हा विषय शांतपणे काढा. तुम्हाला दुसरीकडून बोलावणे आहे, हे त्यांना कळले तर बोलणे अधिक नेमके होते.

ओव्हरटाइमसह आज तुमच्या हातात सुमारे १७,३५० रुपये पडतात, चाकणला ओव्हरटाइम न करता १७,८५०. पाचशे रुपयांसाठी कोण गाव सोडतो, असे कोणी म्हणेल, परंतु तास मोजले तर चित्र थोडे बदलते. महिन्याच्या सव्वीस दिवसांचे २०८ तास धरले तर चाकणचा दर तासाला जवळपास ८६ रुपये पडतो आणि इथला, ओव्हरटाइमचे तास मिळवून, ७३ रुपये. चाकणला तुमचे तीस तास मोकळे राहतील, आणि त्या तासांत तुम्ही काय करणार यावर बरेच अवलंबून आहे. दुसऱ्या बाजूला खोली-मेसचे ६,५०० आणि महिन्यातून एकदा कोल्हापूरला जाण्या-येण्याचे भाडे काढले की शिल्लक दहा-साडेदहा हजारांवर येते. सध्या तुम्ही घरी राहता, डबा घरचा आहे आणि खर्च काय तो मोटारसायकलच्या पेट्रोलचा. घरात आज जेवढी रक्कम पोचते तेवढीच चाकणहून पाठवायची असेल, तर हातात तेवीस हजारांच्या आसपास यायला हवेत आणि त्यासाठी एकूण पगार पंचवीस हजारांचा असायला हवा. बोलणी करायची असतील तर हा आकडा समोर ठेवून करा, आणि पॅकेजचा आकडा न विचारता ‘ग्रॉस किती आणि त्यात हजेरीचे किती’ असेच विचारा.

एक खाचखळगा इथे आहे. एकूण पगार महिन्याला २१,००० रुपयांच्या वर गेला की कामगार ईएसआयच्या कक्षेबाहेर जातो. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात आणि मध्येच पगारवाढ झाली तर चालू कालखंड संपेपर्यंत संरक्षण राहते, पण नवी नोकरीच २१,००० च्या वरच्या पगाराची असेल तर ते सुरूच होणार नाही. तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांच्या औषधोपचाराचा आधार आज ईएसआय असेल, तर पंचवीस हजार मागताना कारखान्याचा गट आरोग्य विमा आहे का, आणि त्यात आई-वडील येतात का, हेही विचारावे लागेल.

अमेरिकेतील आकड्याबद्दल थोडक्यात. तो खोटा नाही. तिथल्या सरकारच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सकडून मालकांच्या पाहणीतून प्रत्येक व्यवसायाचे वेतन महानगर क्षेत्रनिहाय प्रसिद्ध होते. पण तिथे महानगर क्षेत्र म्हणून मोजण्यासाठी मुख्य शहरी भागाची वस्ती ५०,००० असली तरी पुरते. आपल्या राज्यघटनेतील महानगर क्षेत्राची मर्यादा दहा लाखांची आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार साडेपाच लाख वस्तीचे कोल्हापूर आपल्याकडे त्यात बसत नाही. तिथल्या फूटपट्टीने मात्र इचलकरंजीदेखील बसले असते. वार्षिक पगार हा तासाच्या दराला २,०८० तासांनी गुणून काढलेला असतो आणि त्यात ओव्हरटाइम, पाळीचा जादा भत्ता किंवा मालकाने भरलेली वर्गणी धरत नाहीत. म्हणजे तो आकडा आपल्याकडच्या पॅकेजच्या जातीचा नाही, पगाराच्या जातीचा आहे. तो रुपयांत मांडून पाहण्यात मात्र काही अर्थ नाही, कारण त्या माणसाचे घरभाडे आणि दवाखाना डॉलरमध्येच असतो.

त्या तक्त्यातून घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. तिथे सरासरीच्या जोडीने दहाव्या, पंचविसाव्या, पन्नासाव्या, पंचाहत्तराव्या आणि नव्वदाव्या शतमकाचे वेतनही दिलेले असते. म्हणजे त्या कामातल्या सर्वांत कमी पगाराच्या दहा टक्के लोकांची वरची मर्यादा आणि सर्वांत जास्त पगाराच्या दहा टक्क्यांची खालची मर्यादा कळते. एकाच शहरात, एकाच नावाच्या कामात ही दोन टोके बरीच लांब असतात. तेव्हा ‘चाकणचा भाव काय’ या प्रश्नापेक्षा ‘त्या पट्ट्यात मी कुठे उभा आहे’ हा प्रश्न विचारला तर उत्तर तुमच्या हातात येते, आणि चाकणच काय, शिरोली किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीतही ते लागू पडते.

तुमच्या पत्रावरून तुम्ही आज वायरिंगच्या टेबलावर आहात. ड्रॉइंगप्रमाणे डीन रेलवर कॉन्टॅक्टर, रिले, एमसीसीबी बसवणे, तारा कापून लग क्रिंप करणे, फेरूल घालणे आणि डक्टमधून तारा ओढणे, हे तुमचे काम. हे काम मन लावून शिकणारा मुलगा सहा-आठ महिन्यांत करू लागतो, आणि म्हणूनच ठेकेदाराला त्यासाठी माणसे मिळत राहतात. पगाराचा पुढचा टप्पा सुरू होतो तो चाचणीच्या टेबलावर. पूर्ण झालेल्या पॅनेलची सलगता तपासणे, मेगरने इन्सुलेशन मोजणे, फेज क्रम पाहणे, बसबारचे जोड टॉर्क रेंचने ठरलेल्या मूल्याला आवळून त्यावर खूण करणे, इंटरलॉक एकेक करून चालवून पाहणे, आणि काही चालले नाही तर ड्रॉइंगची चूक आहे, वायरिंगची आहे की सुटा भागच खराब आहे हे शोधून काढणे, हे करणारा माणूस सहजासहजी बदलता येत नाही. ग्राहकाचा माणूस पॅनेल पाहायला कारखान्यात येतो तेव्हा त्याच्यासमोर उभा राहणाराही तोच असतो. त्यापुढचा टप्पा व्हीएफडीचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाचे) पॅरामीटर भरणे, पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाचा) प्रोग्राम वाचून दोष ओळखणे आणि साइटवर जाऊन यंत्र चालू करून देणे हा आहे, आणि आपल्या जिल्ह्यात फाउंड्री, साखर कारखाने आणि सूतगिरण्यांमुळे अशा माणसाला मागणी आहे. साखर कारखान्यांची जुनी पॅनेले बदलण्याची कामे गळीत हंगाम संपल्यावर निघतात, ती साइटची कामे मागून घ्या. वर्षभर टेबलावर बसून जे कळणार नाही ते तिथे दोन महिन्यांत कळते.

कागदांचेही थोडे महत्त्व आहे. शासनाच्या विद्युत निरीक्षण विभागाकडून मिळणारा वायरमन परवाना तुम्ही अजून काढलेला नसेल तर आधी तो काढा. निर्यात होणाऱ्या यंत्रांच्या वायर हार्नेससाठी आयपीसी-ए-६२० आणि सर्किट बोर्डांच्या जोडणीसाठी आयपीसी-ए-६१० ही मानके जगभर चालतात आणि त्यांचे प्रमाणपत्र असलेला माणूस मुलाखतीत वेगळा दिसतो. लो-व्होल्टेज पॅनेलसाठीचे आयईसी ६१४३९ हे मानक निदान ओळखीचे असावे, म्हणजे तापमानवाढीची चाचणी का करतात किंवा दोन बसबारमधले अंतर एवढेच का ठेवतात, हे सांगता येईल. हे सगळे एकदम नको. ओव्हरटाइमचे तीस तास मोकळे झाले तर त्यांतून पीएलसीचा एक वर्ग नीट पूर्ण होतो.

माझे मत असे आहे. हाती असलेले पत्र जसेच्या तसे स्वीकारून चाकणला जाऊ नका. दीड हजारांची पक्की वाढ, अकरा महिन्यांची मुदत आणि पुन्हा तेच वायरिंगचे टेबल, एवढ्यासाठी घर सोडण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र कारखान्याने स्वतःच्या नावाने किमान एका वर्षाचे नेमणूकपत्र दिले, हजेरी भत्ता इतर भत्त्यात मिळवून पक्का केला आणि सहा महिन्यांत चाचणी विभागात घेण्याचे लेखी मान्य केले, तर एकूण पगार पंचवीसऐवजी बावीस-तेवीस हजार असला तरी मी जा म्हणेन. तुम्ही चोवीस वर्षांचे आहात आणि मोठ्या कारखान्यातली चाचणीची शिस्त शिकण्याचे हेच वय आहे. नेमणूकपत्र देणे आता कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ते मागण्यात संकोच नको. आणखी एक सुचवतो. तुमचे काम स्विचगिअर आणि पॅनेलच्या अंगाचे आहे, तर चाकणचा पट्टा मुख्यतः वाहनउद्योगाचा आहे. नाशिकच्या सातपूर-अंबड आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज भागात विद्युत उपकरणांचे कारखाने आहेत, तिथेही अर्ज करून पाहा. एकाऐवजी तीन पत्रे हातात असली की आपला भाव आपल्याला आपोआप कळतो.

कोणत्याही पत्रावर सही करण्याआधी राज्याच्या कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर अभियांत्रिकी उद्योगाचे कुशल कामगारासाठीचे किमान वेतन तुमच्या परिमंडळासाठी पाहून घ्या. त्यातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून, बदलतो. पत्रात तुम्हाला ‘कुशल’ लिहिले आहे की ‘अर्धकुशल’, हेही तपासा. तुमच्या पत्रात ‘असोसिएट’ असा मोघम शब्द आहे आणि त्यातून दोन्ही अर्थ निघू शकतात.

शेवटी, जायचे ठरलेच तर इथून निघताना अनुभवाचे पत्र घ्या आणि त्यात ‘असेम्ब्ली’ एवढेच न लिहिता कोणती पॅनेले, किती अँपिअरपर्यंतची आणि कोणत्या चाचण्यांत हातभार लावला हे लिहून मागा. जुना यूएएन क्रमांक (पीएफचा कायम क्रमांक) नव्या ठिकाणी द्या आणि पीएफची रक्कम काढू नका, ती नव्या खात्यात वर्ग करा, कारण पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर प्राप्तिकराचा प्रश्न येतो आणि निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या दहा वर्षांतील तुमची तीन वर्षेही त्यासोबत जातात. राजीनामा मात्र नव्या नेमणूकपत्रावर कारखान्याची सही-शिक्का झाल्यानंतरच द्या. ठेकेदाराच्या माणसाने फोनवर कितीही घाई केली तरी.